चौबाऱ्याची वाट आणि तिचे पूर्वरहिवासी

बीदर शहराच्या मध्यभागी चौबारा नावाचा जो सुमारे ७१ फूट उंचीचा वर्तुळाकार बुरूज उभा आहे, त्याच्या पायथ्याशी चार रस्ते एकमेकांस मिळतात. आणि त्यांपैकी किल्ल्याकडे जाणाऱ्या एका रस्त्याचा वृत्तांत लिहावयाचा झाला तरी दख्खनच्या सहा शतकांना हात घातल्यावाचून गत्यंतर राहत नाही. या रस्त्यावर प्रथम महमूद गावानाचा मदरसा लागतो, पुढे तख्त-इ-किर्मानीची कमान लागते आणि शेवटी किल्ल्याची तटबंदी येते. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आणि बीदर-कलबुर्गी रस्ता जेथे परस्परांना छेदतात त्या मन्नाएखेळ्ळीत राहणाऱ्या आम्हां लोकांना बीदर हे जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे, कधी जमिनीच्या फेरफारासाठी, कधी कोर्टाच्या तारखेसाठी, तर कधी दवाखान्यासाठी तेथे जाणे घडतच असते, आणि जाता-येता या इमारती नजरेखालून जातात. त्या कोणी बांधल्या हे शाळकरी मुलगाही सांगतो. परंतु एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंतच्या अंतरात, दुतर्फा, पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे राहिली, ती कोठून आली आणि कोठे गेली, हा प्रश्न विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. निजामाच्या राज्यातील पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला बीदरवरील ग्रंथ आजही या विषयातील प्रमाणग्रंथ आहे, आणि त्यातील शिलालेखांचे वाचन, नकाशे व मोजमापे पाहून त्या विद्वानाच्या परिश्रमांपुढे नतमस्तक व्हावे असेच वाटते. तथापि तो ग्रंथ मुख्यतः इमारतींचा आहे, घरांचा नव्हे.

घरांचा इतिहास लिहू लागताच जी गोष्ट सर्वप्रथम ध्यानात येते ती अशी की, या रस्त्यावर ‘मूळचा’ म्हणावा असा रहिवासी सापडणे दुर्घट आहे. १४२२ साली गादीवर आलेल्या अहमदशहा बहामनीने राजधानी कलबुर्ग्याहून बीदरला हलवली, तेव्हा जुन्या वस्तीच्या शेजारी एक नवे नगर वसले आणि त्या नगराबरोबर त्याचे नवे नागरिकही आले. इराणातील किर्मान प्रांतीचे सत्पुरुष शाह निअमतुल्ला यांना सुलतानाने आदरपूर्वक पाचारण केले. ते स्वतः आले नाहीत, परंतु त्यांचे वंशज येथे येऊन स्थायिक झाले, आणि तख्त-इ-किर्मानी ही वास्तू त्यांच्याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या मागोमाग गिलान, खोरासान, इराक अशा देशांतून विद्वान, शिपाई, घोड्यांचे सौदागर आणि कारागीर आले. या परदेशी मंडळींना आफाकी म्हणत, आणि जे त्यांच्या एक-दोन पिढ्या आधी उत्तरेतून किंवा समुद्रमार्गे येऊन येथे रुजले होते ते स्वतःस दख्खनी म्हणवीत. म्हणजे कालचे आलेले आणि आज आलेले, एवढाच काय तो भेद. परंतु या भेदापायी या रस्त्यावर जेवढे रक्त सांडले तेवढे परचक्रामुळेही क्वचितच सांडले असेल.

१४७० च्या आसपास रशियातील त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी बीदरमध्ये राहून गेला. उमराव रुप्याच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतील प्रजा मात्र दैन्यात दिवस कंठते, असे त्याने आपल्या टिपणांत नमूद केले आहे. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथे शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत वीस हजार घोडे विक्रीस येतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. त्या आकड्याविषयी कोणी संशय घ्यावा, पण पालख्यांविषयी आणि दैन्याविषयी घेण्याचे कारण नाही. जो परका माणूस कोणाच्याही बाजूचा नव्हता, त्याला जे दिसले ते दरबारी तवारीखकारांना दिसले नाही, किंवा दिसूनही लिहावेसे वाटले नाही.

महमूद गावान हा या रस्त्याचा सर्वांत थोर रहिवासी. तो गिलानचा, व्यापाराच्या निमित्ताने आलेला, आणि पुढे बहामनी राज्याचा प्रमुख वजीर झालेला. आपल्या कोकणातील संगमेश्वर, विशाळगड आणि शेवटी १४७२ साली गोवा, हे सारे त्याच्या मोहिमांनी बहामनी अंमलाखाली आणले. आणि त्याच साली त्याचा मदरसा पुरा झाला. त्याच्या दर्शनी भिंतीवरील रंगीत फरशांच्या नक्षीचे जे अवशेष आज उरले आहेत त्यांवरूनही मूळ वैभवाची कल्पना येते. राज्याच्या सुभ्यांची फेररचना करून सरदारांचे अधिकार त्याने आवळले, आणि त्यामुळे दुखावलेल्या दख्खनी पक्षाने त्याच्या शिक्क्याच्या कागदावर बनावट पत्र तयार करून ते सुलतानापुढे ठेवले. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मरणोत्तर त्याच्या संपत्तीची झडती घेतली असता हा वजीर चटईवर निजत असे आणि मातीच्या भांड्यांत जेवत असे असे आढळले, असे तवारीखकार फेरिश्ता सांगतो. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १४८७ मध्ये, दख्खनी आणि हबशी मंडळींनी तरुण सुलतानाच्या जिवावर उठण्याचा यत्न केला, आणि तो फसताच तीन दिवस या शहरात त्यांची कत्तल चालली होती. म्हणजे ज्यांनी परक्याला मारविले तेच परक्यांच्या हातून मारले गेले. याआधी, पंधराव्या शतकाच्या मध्यास, शिर्क्यांच्या मुलखात बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जाराची फौज गारद झाल्यावर त्यातून वाचलेल्या आफाकींना दख्खनी सरदारांनी चाकणला कसे संपविले, हे मराठी वाचकांपैकी काहींच्या वाचनात आले असेल. तो कलह बीदरच्या याच रस्त्यावरून कोकणापर्यंत पोचला होता.

बहामनींनंतर बरीदशाही आली. तिचा संस्थापक कासिम बरीद हा गुलाम म्हणून आलेला तुर्क. परंतु त्याने सबाजी नावाच्या मराठा सरदाराचा पराभव केल्यावर सबाजीची कन्या आपला पुत्र अमीर बरीद याला करून घेतली आणि तिच्या आप्तांपैकी चारशेहून अधिक लोक या घराण्याचे निष्ठावंत पाठीराखे झाले, असे फेरिश्त्याने लिहिले आहे. हे मराठे बीदरमध्ये कोठे राहिले आणि त्यांचे वंशज आज कोणत्या नावाने कोणत्या मोहल्ल्यात नांदत आहेत, याचा शोध घ्यावा असे मला फार वाटते. आजचा एखादा मोमीन आणि आजचा एखादा पाटील एकाच पूर्वजाची लेकरे निघाली, तर त्यात विस्मयाचे काही नाही.

मराठी मनात बीदरची जी आठवण सर्वांत खोल रुजली आहे ती मात्र राजांची नव्हे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली, बादशहाने त्यांना पकडून आणण्याचे फर्मान काढले, आणि पंढरीचा पांडुरंग विठू महाराच्या वेषात बीदरच्या दरबारात जाऊन सारी रक्कम भरून पावती घेऊन आला, ही कथा कीर्तनांतून घरोघर पोचलेली आहे. तिच्यातील चमत्कार भक्तांनी भक्तीने मानावा. मला तिच्यातील एका तपशिलाचे महत्त्व वाटते. गावचा वसूल सरकारी ठाण्यात पोचविणे हे वतनदार महाराचे प्रत्यक्ष काम होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पदरी सरकारी रक्कम घेऊन दूरदूरच्या परगण्यांतून राजधानीपर्यंत पायी येणारी ती माणसे या रस्त्याने खरोखरच चालली असतील, कोणा सराईच्या ओट्यावर रात्र काढून दुसऱ्या दिवशी परतली असतील. त्यांचे नाव एकाही शिलालेखात नाही. देवाला जेव्हा बीदरला जावयाचे झाले तेव्हा त्याने सरदाराचा नव्हे, त्या माणसाचा वेष घेतला, असे ज्या समाजाने कल्पिले त्या समाजाची स्मृती तवारीखकारांच्या स्मृतीहून अधिक सत्यनिष्ठ होती असे म्हटले पाहिजे. आणि ज्याच्या वेषाला देवपण दिले त्याच माणसाला त्याच समाजाने वेशीबाहेर ठेवले, हेही विसरता कामा नये.

विजापूरकरांनी १६१९ मध्ये बरीदशाही बुडविली, १६५७ मध्ये शाहजादा औरंगजेबाने किल्ला घेतला, आणि मोगली अमलात मदरशाच्या खोल्यांतून घोडदळ आणि दारूगोळा ठेवला गेला. शतक सरता सरता तेथे स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. निजामाच्या अमदानीत शहर जिल्ह्याचे ठाणे होऊन राहिले. राजधानीचे वैभव गेले तरी तालमींभोवती वसलेले मोहल्ले टिकले आणि बिदरीचे काम टिकले. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर रुप्याची तार ठोकून, किल्ल्यातील मातीच्या लेपाने धातू काळाभोर करण्याची ही कला इराणी वळणाची खरी; पण ती माती बीदरचीच लागते, आणि तिच्यात हात घालणारे कारागीर मुसलमानही होते आणि लिंगायतही. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिरास पद्मश्री मिळाली. ही कला परकी की एतद्देशीय, असे कोणी विचारील तर त्या प्रश्नालाच अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जो भाग लिहावयाचा आहे तो लिहिताना लेखणी जड होते. १९४८ च्या मे महिन्यात बसवकल्याणच्या बाजूस गोरटा गावी रझाकारांनी जो संहार केला त्याची आठवण त्या मुलखातील लोक अद्याप विसरलेले नाहीत. त्या वर्षी संस्थानातील कित्येक हिंदू कुटुंबे जीव मुठीत धरून हद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांवर जो प्रसंग गुदरला त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली, आणि संस्थानात एकूण २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा तिचा निष्कर्ष होता. तो अहवाल कित्येक दशके बंद दप्तरात पडून राहिला. आमच्या भागात यांपैकी एकाच दुःखाचा उच्चार करण्याची रीत पडली आहे. कोणत्या घरी कोणते दुःख सांगितले जाईल हे घर पाहून ओळखता येते. दोन्ही एकत्र सांगितल्याने एकाचा अपराध दुसऱ्यामुळे सौम्य होतो, अशी शंका काही जाणते लोक घेतात, आणि ती शंका अनाठायी नाही. परंतु गोरट्याचा अपराध गोरट्याच्या अपराध्यांचा, आणि सप्टेंबरातला अपराध तो करणाऱ्यांचा, असे नावनिशीवार मांडल्यास कोणाचाच अपराध सौम्य होत नाही. सौम्य होतो तो तेव्हा, जेव्हा सबंध जमातीला अपराधी ठरवून खऱ्या अपराध्याला तिच्या गर्दीत लपू दिले जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची त्रिभागणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आम्ही मराठी बोलणारे लोक ज्या बाजूला राहिलो त्या बाजूची खंत आमच्या वडिलांनी आयुष्यभर बाळगली, आणि ती खोटी नव्हती. परंतु बीदर ‘मूळचे’ कोणाचे, या वादात आमच्या पक्षाने आणि कानडी पक्षाने जी प्रमाणे पुढे केली ती पाहता, आफाकी आणि दख्खनी यांच्या वादाचीच ती वंशज आहेत असे मला वाटते. कारभार मराठीतून चालावा, मुलांना मराठी शाळा मिळावी, हा आजच्या रहिवाशाचा हक्क आहे आणि तो आजच्या वास्तव्यावरच मागावा. त्यासाठी सातशे वर्षांपूर्वीची मालकी सिद्ध करण्याची गरज नाही, आणि ती करू गेल्यास सिद्ध होणारही नाही.

या रस्त्याचा इतिहास आजवर लिहिला गेला नाही याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. सनदा आणि फर्माने फारसीत, गावकामगारांचे जुने हिशेब मोडीत, अव्वल तालुकदाराच्या कचेरीतील अलीकडचे कागद उर्दूत, आणि १९५६ नंतरचे सारे कानडीत. ज्याला मोडी वाचता येते त्याला फारसी येत नाही, ज्याला उर्दू येते त्याला कानडी कागद परका, आणि म्हणून प्रत्येक जण आपल्याला वाचता येईल तेवढ्याच रहिवाशांना पूर्वज समजतो. हे चारही प्रकारचे कागद वाचणारा एकच मनुष्य आता मिळणे नाही. पण चार माणसे एका मेजाभोवती बसू शकतात. इनामाचे कागद, वक्फाच्या नोंदी, देवस्थानांची दप्तरे, खरेदीखते आणि सिटी सर्व्हेचे उतारे घेऊन चौबाऱ्यापासून तख्त-इ-किर्मानीपर्यंतच्या एकेका घराची मिसल त्यांनी तयार करावी: कोण राहिले, कोणाकडून घेतले, कोण केव्हा आणि का सोडून गेले. जे हैदराबादेस, कराचीस किंवा सोलापूरला गेले त्यांच्या नातवंडांकडे कागद असतील, त्यांनाही लिहावे. हे काम विद्यापीठावर टाकून स्वस्थ बसण्यासारखे नाही, कारण उर्दू माध्यमातून शिकलेली, निजामी कचेरीची वळणे ओळखणारी जी शेवटची पिढी या जिल्ह्यात आहे ती आता नव्वदीच्या घरात आहे, आणि तिच्याजवळ बसून कागद वाचवून घेण्यास फार तर काही वर्षेच हाताशी आहेत.