तिथे जागा कुठली मिळाली असती?

मराठी माणसांच्या गप्पांत हा खेळ हमखास रंगतो. मागे जाऊन इतिहासातला एकच प्रसंग डोळ्यांनी पाहायची मुभा मिळाली, तर कुठला पाहाल? पहिलं उत्तर ठरलेलं: ६ जून १६७४, रायगड. मग कुणी आग्र्याचा दरबार मागतं, कुणी पानिपत, कुणी झाशी. एखादा चिकित्सक अजिंठ्यात ऐन रंगकाम चालू असताना शिरायचं म्हणतो. अंधाऱ्या लेण्यात ती माणसं उजेड कसा करत होती, हे त्याला एकदाचं बघायचं असतं. गंमत अशी की मागणाऱ्या प्रत्येकानं स्वतःसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मनातल्या मनात राखून ठेवलेली असते. त्याला ऊन लागत नाही, तहान लागत नाही, गोळी तर लागतच नाही.

रायगडावर प्रत्यक्ष हजर असलेल्या एका परक्या माणसाची नोंद उपलब्ध आहे. हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मुंबईहून आला, तो काही सोहळ्याच्या ओढीनं नव्हे. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती पदरात पाडून घ्यायच्या होत्या. दरबारात महाराजांचं लक्ष वेधावं म्हणून त्याचा दुभाषी नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हं ऑक्झिंडेननं बारकाईनं टिपली: मोठ्या दातांच्या माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. बाहेर पडताना दाराशी हत्ती आणि घोडे दिसले, तेव्हा साहेब चक्रावला. एवढ्या बिकट वाटेनं ही जनावरं वर आणली कशी?

हा प्रश्न वाचताना हसू येतं, पण तो खऱ्या साक्षीदाराचा प्रश्न आहे. बखरकाराला तो पडला नसता. ऑक्झिंडेनला जागा उत्तम मिळाली होती, डोळाही तयार होता. तरी त्यानं पाहिलं ते व्यापाऱ्याला दिसेल तेवढंच. आत गागाभट्टांच्या देखरेखीखाली चाललेल्या विधींवरून आधी केवढा वाद झडला होता, आणि गडाखालच्या कुणब्याला आपला राजा छत्रपती झाला म्हणजे नेमकं काय झालं असं वाटलं, हे त्याच्या नोंदीत शोधून सापडत नाही. आणि ज्या वाचकाला तिथे जायचंय, त्यानं हेही विचारावं: कुठल्या जातीचा, कुठल्या घरचा, पुरुष की बाई म्हणून जायचं? सतराव्या शतकातल्या राजसभेत प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली होती, आणि बहुतेकांची ती सभेच्या बाहेर होती.

बरं, अगदी जवळून पाहिलं म्हणजे सगळं कळतं, असंही नाही. पानिपतच्या रणावर १४ जानेवारी १७६१ रोजी काशीराज पंडित हा मराठी माणूस हजर होता. मात्र तो होता शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे पलीकडच्या छावणीत. दोन्ही बाजूंची बोलणी त्यानं जवळून पाहिली होती. विश्वासरावांचं शव अब्दालीच्या छावणीत आणलं, तेव्हा ते पाहायला लोटलेली गर्दी त्यानं वर्णिली आहे. भाऊसाहेबांच्या देहाचा शोध कसा झाला, शिर नसलेलं धड खुणांवरून कसं ओळखलं, हेही त्यानं लिहून ठेवलं. एवढा पुरावा असूनही भाऊसाहेब गेले यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. सुखनिधान नावाच्या माणसानं आपणच सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा केला, त्याच्यामागे फौजफाटा जमला, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन द्यावं लागलं. न. चिं. केळकरांना त्यात नाटक सापडलं, ते उगाच नाही. पंधरा वर्षं एक अख्खं राज्य एका माणसाच्या शेवटच्या घटकेबद्दल भांडत राहिलं. पानिपत पाहायला मागणाऱ्यानं लढाई मागू नये. धुळीत आणि धुरात तिथे कुणालाच फारसं काही दिसलं नाही. भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसले, त्यानंतरचा अर्धा तास मागावा.

मराठीत या सगळ्यांपेक्षा थोर साक्षीदार एकच, आणि त्याला इतिहास बघायची हौस अजिबात नव्हती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेसाठी. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार अशी बातमी होती, आणि घरची गरिबी पाठ सोडत नव्हती. वाटेत बंड पेटलं. फिरत फिरत भटजी झाशीला पोहोचले, राणीच्या आश्रयाला राहिले, आणि मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेनं शहराला वेढा घातला.

पुढचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, पण ते पहिल्या रांगेतून केलेलं नाही. शहर पडल्यावर गोरे शिपाई घरोघर शिरून माणसं मारत होते, तेव्हा हा साक्षीदार जीव मुठीत धरून लपून बसला होता. त्यानं ऐकलं जास्त आणि पाहिलं कमी. नंतर बाहेर पडल्यावर जळालेले वाडे, उद्ध्वस्त झालेला ग्रंथसंग्रह आणि रस्त्यावरची प्रेतं दिसली. पुढे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची गाठ पडली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिनं त्यांना थांबवून स्वतः पाणी शेंदलं. चित्रकारांनी लक्ष्मीबाई घोड्यावर आणि तलवारीसह शेकडो वेळा काढली; दमलेली, तहानलेली, हातात दोर धरलेली राणी फक्त या गरीब भिक्षुकाला दिसली. तो परतला गंगेची कावड खांद्यावर घेऊन. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला नसता, तर हे कागदावर आलंच नसतं. ‘माझा प्रवास’ छापून निघालं ते १९०७ मध्ये.

सगळेच प्रसंग असे रक्तात भिजलेले नसतात. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं विमान १२ सेकंद उडालं आणि १२० फूट गेलं. पाहायला पाच माणसं. त्यातल्या जॉन डॅनियल्सनं काढलेलं छायाचित्र जगप्रसिद्ध झालं; त्यानं त्याआधी कॅमेरा हाताळला नव्हता. पैसे न मोडता, जीव न घालवता बघावा असा प्रसंग हाच. थंडी मात्र सोसावी लागेल.

तरीही दिवाळी अंकाच्या वाचकानं एकच प्रसंग निवडायचा, तर तो २० मार्च १९२७ चा महाडचा असावा. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारोंची मिरवणूक चवदार तळ्यावर गेली आणि लोकांनी ओंजळीनं पाणी प्यायलं. तळं नगरपालिकेनं सर्वांना खुलं केल्याला तीन वर्षं उलटली होती. ठराव कागदावर होता, पाणी नव्हतं. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवणाच्या तयारीत असलेल्या, घराकडे निघालेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं.

या प्रसंगाची निवड अवघड आहे, कारण इथे बघ्याला जागाच नाही. मिरवणुकीत चालायचं, लाठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबायचं, की माडीची खिडकी लोटून घ्यायची? अनंतराव चित्रे आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे थोडे सवर्ण पहिल्या गटात गेले. गावातल्या बाकीच्यांनी काय केलं, ते ठाऊक आहे. आज पाहुणा म्हणून जायला मागणाऱ्यानं आपली आळी कुठली असती, ते आधी प्रामाणिकपणे ठरवावं आणि मगच तिकीट काढावं.

तळ्याचा वाद त्या दिवशी मिटला नाही. सवर्णांनी दावा लावला, डिसेंबरमधल्या सत्याग्रहाला मनाई हुकूम आला, आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिला तो १७ मार्च १९३७ रोजी.