झांजीबारचा बाजार आणि प्रभूचें मोल
(आधार : १ करिंथ. ६:२०)

वाशीमच्या बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांजीबार बेटावर लवंगा व हस्तिदंत यांबरोबर माणसेंही विकलीं जात. गिऱ्हाईक त्यांचेही दांत पाही. १८७३ सालीं तो बाजार बंद झाला आणि पुढें त्याच जागीं प्रभूचें मंदिर उभें राहिलें.

गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं कित्येक मुलें आपल्या नाशिकच्या शरणपुरांत वाढलीं. त्यांतलाच एक याकोब वेनराइट. १८७३ तच डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारले, तेव्हां प्रार्थना त्यानेंच वाचली. मग सोबत्यांसह त्यानें तो देह सुमारें नऊ महिने पायीं चालून किनाऱ्यास पोंचविला. ज्याला माणसांनीं किंमत लावली, त्याच्या हातीं प्रभूनें केवढें विश्वासाचें काम दिलें!

सालदार बंधूंनो, सावकाराच्या वहींत तुमचें मोल ठरत नाहीं. तें ख्रिस्तानें आपल्या रक्तानें भरलें आहे. आणि शेतवाल्यांनो, रविवारीं ज्याच्यासह एका भाकरीचे वांटेकरी होतां, त्यास सोमवारीं अंगणाबाहेर कसें बसवितां? उपदेशकांनो, आधीं आपल्या ओसरीवर त्यास जागा द्या. प्रभु आपणां सर्वांस तें मन देवो. आमेन.