बेचिराग गाव आणि स्थानस्मरण

ज्या गावी वस्ती उरलेली नाही, त्यास हैदराबाद संस्थानच्या महसुली भाषेत ‘बेचिराग’ म्हणत. चिराग म्हणजे दिवा. जेथे सायंकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. मराठीने या शब्दाचे ‘बेचिराख’ केले आणि त्यात राख पाहिली. मूळ अर्थ मात्र आगीचा नसून अंधाराचा आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळच्या दप्तरांतून अशी गावे केवळ नावाने नांदत आली आहेत. शीव आहे, शेतांचे क्रमांक आहेत, सारा ठरलेला आहे. पांढरीवर मात्र घर नाही. दुष्काळ, साथीचे रोग, धाडी, नदीने बदललेले पात्र, अशा कारणांनी वस्त्या उठतात. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण झाले, तेव्हा विसाव्या शतकातही पाण्यासाठी भूमी सोडावी लागली.

अशा गावाचा माग काढावयाचा तर मोजणीचे नकाशे, १९५४-५५ ची खासरा पत्रके, इनामांचे मुंतखब आणि वृद्धांच्या तोंडची शेतांची नावे, ही सर्व एकमेकांस ताडून पाहावी लागतात. फारसी, उर्दू व मोडी यांचा परिचय लागतो. इंग्लंडात मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५४ साली तेथील लुप्त गावांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही जुने नकाशे, करांची दप्तरे आणि प्रत्यक्ष भूमी यांच्या मेळातूनच. इतिहासकारास एवढे प्रयोजन पुरेसे आहे. परंतु महानुभाव साधकापुढे त्याआधी एक प्रश्न उभा राहतो: गाव हे प्रपंचातले, प्रपंच अनित्य. ज्या धर्मात अनुसरलेल्या पुरुषाने स्वदेश, स्वग्राम आणि आप्तसंबंध यांचा त्याग करावयाचा, त्या धर्माच्या अनुयायाने उजाड गावाचा शोध का घ्यावा? ज्याचे ममत्व सोडावयाचे त्याचेच स्मरण धरावयाचे, हा विरोध नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर पंथाच्या इतिहासातच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या घरबसल्या नव्हे. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून मिळविल्या. पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांच्या नावाने ओळखली जाणारी स्थानपोथी सिद्ध झाली. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती अभ्यासकांसही सुलभ झाली. या ग्रंथाची दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. गाव कोणत्या दिशेस, देऊळ कोणत्या मुखाचे, वसती कोठे, आसन कोठे, आरोगणा कोठे, इतकेच नव्हे तर परिश्रयाचे स्थान कोणते, हेही ती सांगते. नकाशा हाती नसता दिशा आणि अंतर यांच्या आधारे भूमीचे असे वर्णन निवृत्त पुरुषांनी केले. त्यांना त्या गावी घर बांधावयाचे नव्हते, वतन मागावयाचे नव्हते.

तेव्हा स्मरण आणि ममत्व या दोन भिन्न गोष्टी ठरतात. ममत्व म्हणते, ‘हे गाव माझे.’ स्मरण म्हणते, ‘येथे कृपा झाली.’ पहिल्यात जीव स्वतःस मोठा करतो, दुसऱ्यात तो नम्र होतो. असन्निधानकाळी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चतुर्विध साधनांचा आश्रय सांगितला आहे. त्यात स्थान आहे ते मातीच्या मोलाने नव्हे, संबंधाच्या मोलाने. गाव अनित्य आहे म्हणूनच त्याची खूण लिहून ठेवावी लागली. ते नित्य असते तर स्थानपोथीची गरजच पडली नसती.

जिंतूर तालुक्यातील बोरीचे उदाहरण येथे उपयोगी आहे. ‘शिशुपालवध’ व ‘उद्धवगीता’ यांचे कर्ते भास्करभट्ट यांना बोरीकर म्हणतात आणि हेच त्यांचे गाव मानले जाते. ज्या ग्रामनामाचा अभिमान त्यांनी अनुसरताना टाकला, ते नाव पंथाने सात शतके जपले. पंथात मात्र ते कवीश्वर झाले आणि त्यांच्या नावे आम्नाय चालला. गावाने त्यांना थोर केले नाही. त्यांच्यामुळे गावाचे नाव वंदनीय झाले. उद्या बोरी ओस पडली तरी हा संबंध ओस पडणार नाही.

तथापि स्मरणाच्या नावाखाली ममत्व परत येऊ शकते, आणि खरा धोका तेथेच आहे. उजाड पांढरीवर एखादा जुना ओटा दिसला, नकाशात ‘मठ’ असा शब्द सापडला, की लगेच ते स्थान म्हणून घोषित करण्याचा मोह होतो. गावास मान मिळतो, जागेस किंमत येते, कधी इनामाचा वादही उभा राहतो. परंतु नकाशा एवढेच सांगतो की येथे वस्ती होती. येथे श्रीचरण लागले, हे सांगण्याचा अधिकार त्यास नाही. उलट पोथीतील खुणा आणि भूमी जुळत नसतील, तर केवळ श्रद्धेच्या बळावर त्या जुळवूनही घेऊ नयेत. लीळाचरित्राच्या पाठांत जेथे भिन्न वासना होत्या, तेथे पूर्वजांनी त्या भिन्न म्हणून नोंदविल्या. एक वाटेल ती ठेवून बाकीच्या पुसल्या नाहीत. हीच शिस्त भूमीसही लागू आहे. संशयित स्थान ‘संशयित’ म्हणून लिहिणे, हा अश्रद्धेचा नव्हे, आचाराचा भाग आहे. खोट्या स्थानास केलेला नमस्कार भोळ्या वासनिकाचा असेल, तर दोष त्याचा नाही. तो दाखविणाऱ्याचा आहे.

आणखी एक विचार राहतो. महसुली दप्तर सारा भरणाऱ्याचे नाव लिहिते. ज्याच्यापाशी भूमी नव्हती तो त्यात सहसा सापडत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती उठली तर तिची शीवही कागदावर उरत नाही. याउलट श्रीगोविंदप्रभूंनी ऋद्धिपुरी मातंगांच्या विनवणीवरून त्यांना पाणी मिळवून दिले, ही लीळा पंथाने जपली. ज्यांना राजाच्या दप्तरात जागा नव्हती त्यांना परमेश्वराच्या चरित्रात जागा मिळाली. म्हणून बेचिराग गावाचा शोध घेणाऱ्याने देवळाच्या पायाबरोबर गावकुसाबाहेरच्या विहिरीचीही विचारपूस करावी. फक्त थोरांच्या खुणा वेचणारा शोध दप्तराचीच चूक पुन्हा करतो.

सारांश, अशा शोधास एकच कसोटी पुरे: त्यातून काही घ्यावयाचे आहे, की कोणाचे देणे फेडावयाचे आहे? घेण्यासाठी निघालेल्यास प्रत्येक ओट्यात आपलेच नाव दिसेल. देणे फेडण्यासाठी निघालेला सापडले तेवढे लिहील, न सापडले तेथे थांबेल, आणि पांढरीस दंडवत घालून पुढील वाट धरील. गावात दिवा लावणे त्याच्या हाती नाही. तेथे दिवा होता हे सत्य विझू न देणे एवढेच त्याच्या हाती आहे.