उच्छ्वासाला न सुटणारे

मासा निरोगी आहे म्हणजे म्हैसही निरोगी असेल, असे कोणी म्हटले तर मलकापूरचा गवळीही हसेल. रसायनांच्या बाबतीत मात्र जग बराच काळ असेच मानत आले. एखादे रसायन अंगात साठेल का, हे ते पाण्यापेक्षा चरबीसारख्या द्रवात किती पट विरघळते यावरून ठरे. लाख पटींच्या पुढे गेले तर धोका. त्याच्या अलीकडे असेल तर मासा ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. माशापुरते हे खरेच आहे.

कल्ले नसलेल्यांनी काय करावे? फुफ्फुसांबाहेर पाणी नसते, हवा असते. जे रसायन हवेत सहज उडत नाही, ते कितीही उच्छ्वास टाकले तरी सुटत नाही. कपाशीवर वर्षानुवर्षे धुरळलेल्या बीएचसी या कीटकनाशक पावडरीचा बीटा हा घटक असाच. चरबीकडे त्याची ओढ काही हजार पटच, म्हणून माशाच्या कसोटीला तो साधा वाटतो. पण शरीराला तो लवकर मोडताही येत नाही. केली, गोबास आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी 2007 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडले. कॅनडाच्या उत्तरेकडे कॅरिबू हरणे दगडफुलावर चरतात (आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद), आणि लांडगे कॅरिबूंवर जगतात. माशांत न चढणारी विषे या साखळीत चढत जातात.

बुलढाणा जिल्ह्यातली साखळी याहून घरगुती आहे. कपाशीची सरकी, सरकीची ढेप, ढेपेवर म्हैस, म्हशीचे तूप. सरकीत अवशेष उरले तर ते इथवर येतात. दुधाबरोबर म्हशीचे ओझे थोडे उतरते ते वगारीच्या किंवा आपल्या अंगावर. पहिलटकरणीचेही तसेच, पहिल्या बाळाच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. म्हणून अंगावरचे दूध तोडावे असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. पुरुषाला तर ओझे उतरवायला दुधाची ही वाटही नाही.

बीएचसीवर 1997 मध्ये देशात बंदी आली, एन्डोसल्फान हे कीटकनाशक सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये थांबवले. बंदी आली तरी चरबीतला साठा लगेच रिकामा होत नाही. लांडग्यासारखा साखळीच्या टोकाला इथे वाघही आहे: 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्याने त्याची हजारो किलोमीटरची वाट सांगितली; त्याने वाटेत खाल्लेल्या रोह्यांनी कोणत्या शेतातला हरभरा खाल्ला होता, हे पट्टा काय सांगणार? खामगावच्या बाजारात कापसाचा ओलावा पाहून भाव ठरतो. ढेपेच्या पोत्यातले अवशेष पाहून भाव पाडायला मात्र कोणी बसलेले नाही, आणि माझ्या मते पहिली तपासणी तिथेच हवी.