प्रतिरूप आणि परिणाम

सोंगटी मेली तरी माणूस मरत नाही, या विश्वासावरच सारीपाटाचा आनंद उभा असतो. खेळाचे परिणाम पटाबाहेर जाऊ नयेत, हा खेळाचा मूळ करार होय. कौरवांच्या सभेत तो मोडला गेला आणि द्यूत हा खेळ उरला नाही. वास्तवाचे हुबेहूब प्रतिरूप उभारणाऱ्या आजच्या संगणकीय मोटारशर्यतींनी या कराराचा पुन्हा विचार करणे भाग पाडले आहे.

काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ १९९७ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. टायरची पकड, ब्रेक दाबताच पुढील चाकांवर येणारा भार, वेग न आवरल्यास वळणाबाहेर घसरणारी गाडी, हे सारे त्यात गणिताने साधले होते. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरांचा जुना मार्ग चढउतारांसह अवतरला. चूक झाली तर शर्यत पुन्हा आरंभता येते, एवढीच काय ती वास्तवापासूनची फारकत.

ही मुभा दूषणास्पद मानण्याचे कारण नाही. फसलेली तान पुन्हा घेणे म्हणजेच रियाज. या रियाजाचे फळही खरे ठरले. खेळातील निष्णातांमधून शर्यतपटू निवडण्याची स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. २०११ चा विजेता यान मार्डनबरो २०१३ मध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरला आणि त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरे स्थान मिळविले. पडद्यासमोर कमावलेले हाताचे ज्ञान रस्त्यावरही ज्ञानच राहिले.

२८ मार्च २०१५ रोजी त्याच न्युर्बुर्गरिंगवर एका उंचवट्यापाशी मार्डनबरोच्या गाडीचे पुढचे अंग उचलले गेले, तिच्याखाली वारा शिरला आणि ती कुंपणापलीकडे जाऊन पडली. चालक वाचला, एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला. त्याचे खापर खेळातील शिक्षणावर फोडणे अन्यायाचे होईल. त्यानंतर त्या मार्गाच्या काही भागांवर सर्वच चालकांसाठी वेगमर्यादा घातली गेली, यावरून धोका एकट्याच्या कौशल्यापुरता नव्हता हे उघड आहे.

नैतिक प्रश्न निराळा आहे. प्रतिरूपात जोखीम नसते असे म्हणताना आपण बहुधा खेळणाऱ्याच्या जिवाचा विचार करतो. वस्तुतः तेथे कुंपणापलीकडचा माणूसच नसतो. प्रेक्षकांची गर्दी दिसते, पण ती केवळ रंगांची. तिला मरण नाही, म्हणून तिच्याविषयीचे उत्तरदायित्वही नाही. कौशल्य स्वतःपुरते शिकता येते. उत्तरदायित्वाला दुसरा जीव लागतो.

२०२३ मध्ये नील ब्लोमकँप यांनी मार्डनबरोच्या जीवनावर चित्रपट केला. त्यात हा अपघात ल मांच्या शर्यतीपूर्वी घडतो. त्याने खचलेला नायक सावरतो आणि यशस्वी होतो. कालक्रम बदलण्याचे स्वातंत्र्य कलेला आहेच. ऐतिहासिक कादंबरी ते नित्य घेते. परंतु बदल कोणत्या अर्थासाठी केला, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला राहतो. येथे एका अनामिक प्रेक्षकाचा मृत्यू नायकाच्या उत्कर्षाची पायरी होतो. शर्यत पुन्हा आरंभणारी खेळातील सोय अशा रीतीने कथनात शिरली आहे. खेळात ती निरुपद्रवी होती, कारण तेथे कोणी मेले नव्हते. २०१५ मधील मृत्यू २०१३ मधील यशाच्या कामी येऊ शकत नाही. आणि तो कोणाच्याच कामी आला नाही, हे मान्य करणे हाच त्या मृताचा किमान आदर होय.