खुब्याची तपासणी आणि बाळाचं वय

बेगडेवाडी

चि. सोनूस,


राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात तुला मावळ तालुका मिळाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. हृदय, डोळे, कान यांबद्दल तुला शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी खुब्यापुरतंच लिहिते, कारण घाईच्या शिबिरात सगळ्यात पटकन उरकला जातो तो खुबा.

हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मतः उथळ किंवा निखळलेला खुबा पहिल्यापासून आहे. म्हणजे तपासणं तुझ्या कामातच आलं. प्रश्न आहे तो कोणत्या वयाला कोणती तपासणी खरं बोलते, हा.

कॉलेजात तुम्हाला दोन नावं पाठ करायला लावली असतील. इटलीतले बालरोगतज्ज्ञ ऑर्टोलानी यांनी 1937 मध्ये सांगितलेली तपासणी निखळलेला खुबा आत बसतानाचा खटका पकडते. इंग्लंडमधल्या बार्लो यांची 1962 सालची तपासणी आत असलेला, पण सैल खुबा बाहेर सरकतो का ते बघते. दोन्ही नवजात बाळाच्या आहेत. दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आवळतात, खुबा बाहेरच्या बाहेर अडकून बसतो आणि हाताला काही लागत नाही. तेव्हा तपासणी निगेटिव्ह येते आणि बाळाचा खुबा मात्र निखळलेलाच असतो. सात महिन्यांच्या बाळाच्या कार्डावर 'ऑर्टोलानी निगेटिव्ह' लिहिण्यात काही अर्थ नाही.

आता आपल्याकडची गंमत बघ. पहिलं बाळंतपण माहेरी. इथे स्टेशनच्या आसपास आणि तळेगाव, चाकणच्या कारखान्यांच्या आधारानं राहणाऱ्या कितीतरी मुली बाळंतपणाला बीड-लातूरकडे जातात. सव्वा महिना तर तिथे जातोच, पुष्कळदा तीन महिने जातात. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. पण त्या माहेरच्या आशाच्या. इकडच्या आशाच्या वहीत ते बाळ येतं तेव्हा खटक्याची वेळ टळलेली असते. धोका जास्त कोणाला? मुलीला, पहिल्या बाळाला, पायाळू बाळाला, घरात कोणाला हा त्रास असेल त्याला. म्हणजे नेमकं माहेरी जन्मणारं बाळच. तुझं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाणार, तेव्हा तुझ्यासमोर बहुतेक अशीच मोठी बाळं येतील.

म्हणून तू भर दे तो मांड्या उघडण्यावर. बाळ उताणं, गुडघे वाकवलेले, दोन्ही मांड्या हळूच बाहेरच्या बाजूला. एक मांडी दुसरीपेक्षा वीसेक अंश कमी उघडली किंवा साठ अंशांच्या आतच अडली, तर पुढे पाठव. हे चिन्ह वय वाढेल तसं अधिक स्पष्ट होतं. पण दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच अडतात, गुडघ्यांची उंचीही सारखी दिसते आणि तुलना करणारी प्रत्येक तपासणी फसते. तिथे दुसऱ्या बाजूशी नव्हे, धडधाकट बाळाच्या मांडीशी तुलना कर. मांडीवरच्या वळ्या मोजत बसू नकोस. कमी-जास्त वळ्या ठणठणीत बाळांनाही असतात. बारीक 'कट्' आवाजानंही घाबरायचं कारण नाही. खरा खटका कानापेक्षा बोटांना कळतो.

एक-दोन आठवड्यांचं बाळ हाती आलंच, तर हात ऊबदार ठेव, बाळ पाजलेलं असू दे, आईच्या मांडीवर नको, टेबलावर घे. एका वेळी एकच खुबा. रडणाऱ्या, पाय ताठ केलेल्या बाळाची तपासणी धरायची नाही. जोर लावून पुन्हा पुन्हा दाबायचंही नाही. बार्लो पॉझिटिव्ह आली म्हणून आईला रडवू नकोस. खुद्द बार्लो यांनाच साठांमागे एका बाळाचा खुबा सैल सापडला होता आणि त्यातले 88 टक्के दोन महिन्यांत आपोआप घट्ट झाले. असं बाळ सोनोग्राफीला पाठवायचं. ऑर्टोलानी पॉझिटिव्ह असेल तर मात्र थांबायचं नाही, थेट हाडांच्या डॉक्टरकडे. साधारण सहा महिन्यांच्या आत पट्ट्यांवर भागतं, पुढे भूल देऊन प्लास्टर, आणि चालायला लागल्यावर बहुतेकदा ऑपरेशन. सोनोग्राफीही पहिल्या चार-सहा महिन्यांतच उपयोगी, नंतर एक्स-रे.

आज्ज्यांशी वाद घालू नकोस, पण दुपट्याबद्दल बोल. पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळल्यानं खुब्याला धोका वाढतो. जपानमध्ये 1975 पासून हे सोडा म्हणून मोहीम झाली आणि शंभरात एकाहून जास्त असलेलं प्रमाण हजारात दोनवर आलं. वरून हात गुंडाळा, खाली पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या, एवढं सांगितलं तरी पुरे. कडेवर घेणं चांगलंच, त्याचं तर कौतुक कर.

चालतं मूल आलं की त्याला चार पावलं चालवून बघायला विसरू नकोस. लंगडतं का, डुलत चालतं का, कंबर पुढे काढतं का. यातलं काही 'चालच तशी' म्हणून घरच्यांनी सोडून दिलेलं असतं.

आणि आईला 'सगळं ठीक आहे' असं कधी म्हणू नकोस. 'आज काही सापडलं नाही, पुढच्या लसीला आलात की पुन्हा दाखवा' असं म्हण. कार्डावर बाळाचं वय, पायाळू होतं का, मांडी किती उघडली आणि तपासताना ते शांत होतं की रडत होतं, हे लिही. सहा महिन्यांनी जो ते कार्ड उघडेल, त्याला नुसत्या 'निगेटिव्ह'वरून काहीही कळणार नाही.

तुझी,
मावशी