निमित्त पाहावे की निमित्त व्हावे?

चित्त द्विधा झाले म्हणजे मनुष्य निर्णयासाठी बाहेर पाहू लागतो. हल्ली कित्येक सुशिक्षित घरांत सकाळचे स्नान व देवपूजा आटोपल्यावर चित्रांच्या पत्त्यांचा एक कॅट हाती घ्यावयाचा, त्यातून एक पत्ता काढावयाचा आणि त्यावरून दिवसाचे शुभाशुभ ठरवावयाचे, अशी चाल पडत आहे. कोणी टॅरोचे पत्ते घेतो, कोणी देवदेवतांची चित्रे असलेले. ज्याच्याजवळ कॅट नाही त्याला भ्रमणध्वनीवरही पत्ता काढता येतो. पुष्कळ जण हे आपल्या उपासनेचे अंगच समजतात. गीतेच्या वाचकाला या समजुतीचा विचार टाळता येणार नाही. कारण गीतेच्या पहिल्याच अध्यायात शुभाशुभ लक्षणांवर बोट ठेवणारा एक मनुष्य उभा आहे.

टॅरोचे पत्ते मूळचे भविष्यकथनासाठी नव्हते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी निघाले. पुढे १७८१ मध्ये फ्रान्समधील कूर द जेबलँ या ग्रंथकाराने त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान साठविलेले आहे असे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणासही वाचता येत नव्हती, ही गोष्ट त्याच्या सोयीचीच झाली! आज सर्वत्र दिसणारी ७८ पत्त्यांची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली व ती १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० गोल पानांची. तीवर साक्षात् भगवंताचे अवतार रंगविलेले असूनही लोकांनी तिचा खेळच राहू दिला.

तथापि हे सारे परदेशी खूळ म्हणून हसण्यावारी नेणे न्याय्य होणार नाही. फासे टाकून प्रश्नाचे उत्तर काढण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. मध्य आशियात कुचा येथे १८९० मध्ये हाती आलेल्या, 'बॉवर हस्तलिखित' या नावाने प्रसिद्ध असलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीत वैद्यकाच्या प्रकरणांबरोबर या पाशकविद्येचीही प्रकरणे आहेत. श्रीरामचरितमानसाच्या आवृत्त्यांत छापलेली रामशलाका प्रश्नावली तर उत्तरेकडील घराघरांत परिचित आहे. २२५ घरांपैकी एकावर श्रीरामस्मरणपूर्वक बोट ठेवावयाचे आणि तेथून दर नववे अक्षर घेत जावयाचे, की नऊ चौपायांपैकी एक सिद्ध होते. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला लावलेली पाकळी उजवी पडली की डावी, हे पाहतात. या प्रथांमागे श्रद्धा आहे. 'माझी बुद्धी अपुरी आहे' ही कबुलीही आहे, आणि ती कबुली साधकाला शोभणारी आहे. बुद्धी अपुरी म्हणून ती वापरूच नये काय, हा प्रश्न मात्र उरतो.

आता कुरुक्षेत्राकडे वळावे. गात्रे शिथिल झाली, धनुष्य हातातून गळू लागले, आणि त्याच दमात अर्जुन म्हणतो की मला विपरीत निमित्ते दिसत आहेत. येथे 'निमित्त' म्हणजे शकुन. ही निमित्ते खोटी नव्हती. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यासमहर्षी धृतराष्ट्राला असेच भयंकर उत्पात सविस्तर सांगतात. परंतु त्यांचा उपयोग दोघांनी कसा केला ते पाहण्यासारखे आहे. अर्जुनाने शकुनांना युद्धातून निघून जाण्याच्या युक्तिवादात एक पुरावा म्हणून बसविले. धृतराष्ट्राने सारे ऐकून घेतले, हे पूर्वीच विधिलिखित आहे असे म्हटले, आणि पुत्रांना आवर घालण्याचा उपदेश झाला तेव्हा ते माझ्या आज्ञेत नाहीत असे सांगून तो मोकळा झाला. चिन्ह वाचता येणे निराळे आणि चिन्ह वाचून आपले काम ओळखणे निराळे. राजवाड्यातल्या त्या वृद्धाला पहिले अगदी उत्तम साधले होते.

अर्जुनाने दाखविलेल्या त्या शकुनांना भगवंताने उत्तरच दिलेले नाही. ते शुभ की अशुभ, याचा ऊहापोह पुढच्या अध्यायांत कोठेही आढळत नाही. आणि अकराव्या अध्यायात तोच शब्द परत येतो, पण अर्थ पालटून: सव्यसाची, तू निमित्तमात्र हो. जो निमित्त पाहत होता त्याला निमित्त होण्यास सांगितले आहे.

येथे कोणी म्हणेल की विश्वरूपदर्शनात भगवंतांनी भविष्य दाखविलेच ना? दाखविले खरे. परंतु कर्तव्याचे विवेचन नऊ अध्याय झाल्यानंतर ते दाखविले; आणि ते दिसल्यावरही अर्जुनाची सुटका झाली नाही. अखेरच्या अध्यायात, या सर्वाचा पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसे कर, असेच त्याला सांगण्यात आले. ज्याला शेवट डोळ्यांनी दिसला त्यालाही विचार करावा लागला. मग पत्त्यावर तोडग्याची भिस्त ठेवणाऱ्याला तो कसा चुकेल?

चिठ्ठीला योग्य असे एक स्थान व्यवहारात आहे. भावाभावांच्या वाटणीत समान वाटे करून ठेवतात, आणि कोणाला कोणता वाटा, एवढ्यासाठी लहान मुलाच्या हातून चिठ्ठी उचलवतात. त्यावर कोणी रुसत नाही, कारण न्यायाचे सगळे काम वाटे पाडतानाच झालेले असते. तेच वाटे असमान ठेवून चिठ्ठी उचलली, तर तिच्या आडून अन्यायच होईल.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. घरात दागिना सापडत नाही. गृहिणी पत्ता काढते. पत्त्यावरचे चित्र 'कपट' सुचविते. आणि संध्याकाळी धुणेभांडी करणाऱ्या बाईला काम सोडण्यास सांगण्यात येते. तिला विचारणे झाले नाही, कपाट नीट शोधणे झाले नाही. सांगून आलेल्या मुलीला नकार द्यावयाचा असला तरी असाच पत्ता निघतो. न निघाल्यास पुन्हा काढतात. मनास येईल ते निघेपर्यंत पिसत राहणाऱ्याने उत्तर आधीच ठरविलेले असते, फक्त त्याचा दोष स्वतःवर घ्यावयाचा नसतो. दुसऱ्याची अब्रू, उपजीविका किंवा विवाह ज्यावर अवलंबून आहे, असा प्रश्न पत्त्याला विचारणे हे सरळ पाप आहे; त्याला उपासनेचे नाव देऊन ते सौम्य होत नाही.

मग सकाळी चित्र पाहूच नये काय? चिंतनासाठी अवश्य पाहावे. रामशलाकेत निघालेली चौपाई मानसातील कोणत्या प्रसंगी आली आहे, कोणाच्या तोंडी आहे, हे उघडून वाचणाऱ्याचा दिवस वाया जात नाही. तो प्रश्न घेऊन आला आणि रामकथेत शिरला. अवताराचे चित्र निघाले तर त्या अवताराने कोणाचे रक्षण केले ते आठवावे, आणि आज आपल्या दारी कोण मदतीच्या आशेने उभे आहे इकडे पाहावे. औषध घ्यावे की नाही हे वैद्याला विचारावे. कर्ज काढावे की नाही हे जमाखर्चाच्या वहीला. आणि त्या बाईने दागिना घेतला की नाही हे तिला समोर बसवून, आवाज न चढविता विचारावे. त्यापूर्वी कपाटाचा खालचा कप्पा एकदा पाहून घ्यावा.